तोंडातून न निघणारा प्रश्न

समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं तेव्हा माझी समजूत अशी होती की, भीती वाटलीच तर ती समोर बसलेल्याला वाटेल. आपण ऐकायचं, मान डोलवायची, मधून मधून 'हं' म्हणायचं. ते मला जमण्यासारखं होतं. आमच्या घरात सगळे बोलणारे आणि मी एकटी ऐकणारी, म्हणजे सराव लहानपणापासूनचा. वर्गात सुरुवातीला माझं कौतुकही झालं. मग एके दिवशी आमच्या बाईंनी एक प्रश्न फळ्यावर लिहिला आणि माझं कौतुक तिथेच संपलं.

तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का? बाईंचं म्हणणं, हा असाच विचारायचा, याच शब्दांत, माणसाकडे बघून. आडून विचारलं की उत्तरही आडूनच येतं. विचारल्यामुळे कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही, उलट आत कोंडलेल्याला वाट मिळते. मला सगळं पटलं. मग जोडीजोडीने सराव करायचा होता. देवरुखची माझी मैत्रीण पेशंट होऊन समोर बसली. मी घसा खाकरला, पाणी प्याले, पुन्हा खाकरला. शब्द ओठांपर्यंत यायचे आणि ओठ मिटायचे. शेवटी तीच म्हणाली, "अगो, अशीच बसलीस तर मी बरी होईन नि तू आजारी पडशील." वर्ग हसला. मीही हसले, पण प्रश्न तसाच राहिला.

कारण मला ठाऊक होतं. आमच्याकडे घरात अभद्र बोलत नाहीत. वास्तू 'तथास्तु' म्हणते, आणि ती कुठल्या क्षणी म्हणेल याचा नेम नाही. लहानपणी भांडणात तोंडातून 'मर' निघालं की आई हलकी चापट मारायची आणि देवाला नमस्कार करायला लावायची. बांगडी फुटली तरी ती फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. मी विज्ञान शिकले, पण ते शिक्षण जिभेपर्यंत काही पोचलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष काम सुरू झालं. आमचं केंद्र म्हणजे एसटी स्टँडच्या मागच्या एका घराच्या भाड्याने घेतलेल्या पुढच्या खोल्या. मागे घरमालकीण राहायची. माझ्याकडे आलेल्या ताई मिरकरवाडा बंदरावरच्या, लिलावात मासळी घेऊन बाजारात विकणाऱ्या. नवरा ट्रॉलरवर खलाशी, घरी दोन मुलं. झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं, गिऱ्हाईक समोर उभं असायचं आणि भाव सांगायचं भान राहत नव्हतं. त्यांच्या जावेने त्यांना आणून बसवलं होतं. दर भेटीनंतर मी आमच्या बाईंना फोन करून सगळं सांगायचे. तो प्रश्न विचारलास का, असं त्या दर वेळी विचारायच्या, आणि पुढच्या भेटीत विचारते, असं मी दर वेळी म्हणायचे. बाई रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

एका संध्याकाळी ताई एकट्याच आल्या. केस विंचरलेले, चेहरा शांत. म्हणाल्या, आता बरं वाटतंय. मला इतका आनंद झाला की मी मनातल्या मनात बाईंना फोनही लावला. मग बोलता बोलता त्यांनी सांगितलं की मासे कापायची विळी जावेला देऊन टाकली, बाजारातली बसायची जागाही तिलाच दिली, आता आपल्याला कशाला लागते. खूप दिवस त्रासलेलं माणूस अचानक निवांत होऊन आपल्या वस्तू वाटायला लागलं तर तिथे थांबायचं, हे आम्हाला घोकून घोकून शिकवलं होतं.

मी विचारलं, मनात काही वाईटसाईट तर येत नाही ना? शेजारीण कुंपणावरून विचारते तसं. त्या नाही म्हणाल्या, पिशवी उचलली आणि उठल्या. मागे घरमालकीण देवाला दिवा लावत होती, घंटा वाजत होती. बोलले आणि खरंच झालं तर ते मी ओढवून आणलेलं. गप्प राहिले आणि झालं तर? बाईंना फोन करावा म्हटलं, तर ताई दारात पोचून चपला घालत होत्या.

"ताई, थांबा. तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का?"

आवाज माझा वाटेना. त्या वळल्या नाहीत. मग त्यांनी वर आढ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "हितं नको, बाय. मागं ती दिवा लावतेय. घरात असला बोलला की वास्तू तथास्तु बोलते. माझ्या घरात पोरा हायत. म्हणून मी आजपत्तूर तोंडातना काढला नाय."

दार बंद हवं, पडदा ओढलेला हवा, बाहेरचा आवाज नको, असं सगळं आम्ही शिकलो होतो. पण त्या खोल्याही कुणाच्या तरी घराच्या आहेत आणि समोरच्यालाही तिथे वास्तूची भीती वाटेल, हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी तर त्याच भीतीत वाढलेली. मी त्यांचा हात धरला आणि फाटकाबाहेर आले. समोरच्या मोकळ्या जागेला दगडांचा बुटका गडगा होता, त्यावर आम्ही बसलो. वर नुसतं आभाळ. माणसं जात-येत होती, गाड्या हॉर्न देत होत्या, आणि तिथे त्या हो म्हणाल्या. सगळं ठरवून झालं होतं.

मला वाटलं होतं, विचारून झालं की भीती जाईल. ती दुप्पट झाली. तरी शिकवलेले पुढचे प्रश्न मी एकेक करून विचारले. आज घरी कोण आहे, कुणाला सांगितलेलं चालेल. जावेला सांग, म्हणाल्या. मी तिला फोन केला, मग बाईंना केला. बाई म्हणाल्या, क्षणभरही एकटं सोडू नकोस, थेट दवाखान्यात घेऊन ये, मी डॉक्टरांना सांगून तिथे पोचते.

जावेची वाट बघत बसलो तेव्हा त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. त्यांचा हात मी अजून घट्ट धरून ठेवला होता.

"भ्यालीस?"

"हो. खूप."

"मी पन," त्या म्हणाल्या.

जाऊ रिक्षा घेऊन आली. ती आत रडत होती. मला वाटलं, आता घरचं माणूस आलंय, त्या तिच्याजवळ बसतील आणि मी मागून जाईन. त्या चढल्या, पदर आवरून आत सरकल्या आणि माझ्यासाठी जागा केली. मी बसले. आल्यापासून त्यांनी उद्याचं नावही काढलं नव्हतं. रिक्षा वळली तेव्हा त्यांनी जावेला विचारलं, सकाळी पोरांना शाळेत कोण सोडील.