साहेबांना फूल येईपर्यंत

आमचे मोठेबाबा झाडांना शिव्या देत. वडिलांचे हे थोरले भाऊ कोंढ्याला धानाची शेती करायचे, आणि धानापासून शेजाऱ्याच्या पपईपर्यंत त्यांच्या तोंडून कुणी सुटलं नव्हतं. अदबीने बोलायचे ते फक्त एका झाडाशी, आणि नेमकं तेच झाड वर्षानुवर्षं काही करत नव्हतं.

ते होतं ऑर्किड. त्यांची एकुलती एक लेक पमीताई बंगळुरूला नोकरी करायची. एका दिवाळीला तिने ते जांभळ्या फुलांसकट आणलं. फुलं गळली, तिचीही सुटी संपली. ऑटोत बसताना मोठेबाबांनी विचारलं, "पमे, आता कवा येशीन?" ती घाईत म्हणाली, "याला पुन्हा फूल आलं की येते बाबा. फूल असेपर्यंत राहते." तिला वाटलं, गंमत झाली. मोठेबाबांनी तो शब्द धरून ठेवला. पुढे ती दिवाळीला दोन दिवस येऊन गेली तरी ते म्हणत, "हे धरायचं नाही. आपलं फुलाचं ठरलं हाये."

जन्मभर चिखलात रोवणी केलेल्या माणसाला झाड तहानलेलं बघवत नाही. त्यांनी धानाच्या बांधीतली काळी माती आणून कुंडी भरली आणि तांब्यामागून तांब्या ओतला. पानं पिवळी पडली. पमीताईने फोनवर सांगितलं, माती नको, कोळसा आणि सालीचे तुकडे घाला, पाणी आठवड्यातून एकदाच. मोठेबाबा थक्क झाले. "कोळसा पाह्यजे, पाणी नाही पाह्यजे. हे झाड हाये का इस्त्री हाये?" मातीत पाय घालत नाही म्हणून त्याचं नाव साहेब पडलं.

स्वतःच्या हाताचा त्यांना भरवसा नव्हता, म्हणून पहारा त्यांच्या बायकोकडे, आमच्या मोठीआईकडे होता.

"अजी, तांब्या घेऊन कुठं चाल्ले?"

"मले तहान लागली."

"मंग इथंच प्या ना."

मग ते तिथेच उभ्याने अख्खा तांब्या पिऊन टाकत.

उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर साहेबांच्या खोलीत. दुपारी अर्धी आळी साहेबांच्या तब्येतीची चौकशी करायला यायची आणि तिथेच घोरायची. आम्ही घरचे बाहेर शिजत असू, खरं सांगतो, मला त्या झाडाचा भयंकर राग यायचा. हिवाळ्यात साहेबांना गोधडी. धानाला लोंब्या आल्या की मोठेबाबा कुंडी डोक्यावर घेऊन बांधावर नेत. "पाह्य बाप्पा, हे कालचं लेकरू फुललं. साहेब, तुमाले काही वाटते का?" आजूबाजूच्या बाया मानही वर करत नसत.

मग एका दिवाळीला पमीताई आलीच नाही. सुटी मिळाली नाही म्हणाली. मोठेबाबांनी फोन ठेवला, कुंडी उचलली आणि ओसरीत आदळून ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदा ते साहेबांना अरेतुरे बोलले. "बस थंडीत. माह्या पोरीले अडवून राहिला तू." गोधडी बंद, लाड बंद.

थंडी सरायच्या आत पानांतून फुलाचा दांडा निघाला.

भंडाऱ्याच्या नर्सरीवाल्याने मला समजावलं, की याला गार हवा लागल्याशिवाय दांडा येत नाही, तुम्ही गोधडीत घालून इतके हिवाळे वाया घालवले. मोठेबाबांना ते पटलं नाही. "मी बोललो ते लागलं त्याले," एवढंच म्हणाले.

पहिली कळी उमलली आणि पमीताई शब्दाला जागून आली, चार दिवसांची रजा टाकून. फूल म्हणजे चार दिवसांचा मामला, असा तिचा हिशेब. पण पहिलं फूल गळेना आणि दुसऱ्या कळ्या उमलत गेल्या. दोन महिने होत आले. ती बिचारी खोलीत परतलेल्या साहेबांच्या शेजारीच लॅपटॉप मांडून ऑफिस करू लागली, आणि मोठेबाबा येणाऱ्याजाणाऱ्याला दबक्या आवाजात सांगत, "दोघंही कामात हायेत."

उन्हं तापली तेव्हा एकच फूल उरलं होतं. ऑफिसातून बोलावणी यायला लागली होती. एका सकाळी मोठेबाबांना ते फूलही कुंडीत पडलेलं दिसलं. ते उचलून त्यांनी खिडकीत ठेवलं आणि मला म्हणाले, "ऑटो सांगून ये. पोरीले किती दिवस बांधून ठेवू?"

मी ऑटो घेऊन आलो तर पमीताई खोलीच्या दारात उभी. आत दांड्यावर ते फूल पांढऱ्या दोऱ्याने बांधलेलं होतं. गाठ लांबूनही दिसत होती.

"फूल आहे अजून, बाबा," ती म्हणाली.

मोठेबाबांनी चष्मा लावला. वाकून फूल पाहिलं, दोरा पाहिला, मग लेकीकडे पाहिलं.

"हाये," ते म्हणाले. "हाये ना बाप्पा."

आणि ऑटोवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.