पट्टीच्या अलीकडची माणसं

“ती बंद शेडची माणसं आज टेपवरून काढून टाका,” मॅनेजर दारातूनच म्हणाले. “गेलेल्यांची गेटकार्डं किती दिवस छापायची?”

आमच्या पिंपरीच्या कारखान्यात सगळ्या कामगारांची नोंद एका मॅग्नेटिक टेपवर होती. आधी बंद पडलेल्या शेडचे लोक, मग तिकीट नंबरप्रमाणे, म्हणजे जुने आधी, कामावरचे. टेपचा पुढचा भाग नुसता काढता येत नाही. उरलेलं सगळं दुसऱ्या टेपवर उतरवावं लागतं. आणि आमचा टेप चालवायचा दुसरा ड्राइव्ह बंद होता.

माझ्या हाताखालचा ऑपरेटर युसूफ मुलाणी चाकणचा, अजून टेंपररी. तो म्हणाला, “साहेब, चकचकीत पट्टी पुढं सरकवू की.”

टेपच्या सुरुवातीला एक चकचकीत पट्टी चिकटवलेली असते. मशीन ती बघून तिथून वाचायला लागतं. पट्टी पुढे नेली, की अलीकडचं मशीनच्या लेखी नाहीच.

टेप चालवली. प्रिंटरवर कामावरच्या पहिल्या माणसाचं नाव दिसताच थांबवली. युसूफने तिथे पट्टी लावली, मी अलीकडचा तुकडा कापायला कात्री उचलली.

“कापू नका साहेब. आधी कार्डं छापून बघू. ऱ्हाऊ द्या गुंडाळलेलं.”

“मॅनेजर डोक्यावर बसलेत, आणि तुला मुहूर्त पाहिजे?” म्हणत मी तुकडा कापून, चुरगळून टोपलीत टाकला.

सकाळी गेटवर गोंधळ. सगळ्यात जुन्या कामगारांची कार्डंच नव्हती. वॉचमन आत सोडेना. खेडकडचे एक मिस्त्री माझ्यावर ओरडले, “मी हितं उभा हाय, अन् तुमचं मशीन म्हणतंय न्हाई! ही कंपनी उभी केली तवा तू चड्डीत होतास!”

चूक साधी होती. मशीन एकेक माणूस नाही, गठ्ठ्याने वाचतं. पहिला माणूस दिसेपर्यंत त्याचा अख्खा गठ्ठा वाचणाऱ्या हेडखालून पुढे गेला होता. पट्टी लागली ती त्या गठ्ठ्याच्या नंतर. नुसती पट्टी असती तर मागे घेता आली असती. चुरगळलेला तुकडा जोडून मशीन वाचत नाही.

“कापली कुणी?” मॅनेजरांनी विचारलं. युसूफने माझ्याकडे पाहिलं. मी प्रिंटरकडे पाहिलं.

टाइम ऑफिसने कार्डं हाताने लिहून दिली. दुपारपर्यंत सगळे आत गेले. युसूफ मात्र परमनंट झाला नाही. पुढे त्याने चाकणला मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. बसमधून ते दिसायचं. मी कधी उतरलो नाही. आता तो नाही. आम्हा निवृत्तांच्या जेवणात अजून “मुलाण्याची कात्री” म्हणून हसतात. मीही हसलो आहे.

तर, सुरुवातीचा भाग काढायचा असेल, तर आधी फक्त सुरुवातीची खूण पुढे न्या. चालवून बघा. कापायचं ते त्यानंतर. हे युसूफ मुलाणीने सांगितलं होतं. कापलं मी.