गोतिल्यांचं गोत

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. कल्लप्पा नदीही नव्हता आणि ऋषीही नव्हता. तो सोलापूरच्या एका कापडगिरणीत साचा चालवायचा, आणि गरिबाचं कूळ तर जो तो विचारतो. ते शोधायचं खूळ त्याच्या डोक्यात मी घातलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला परोपकारी वगैरे समजायला नको.

मी त्याच गिरणीत हजेरीचा कारकून होतो. भोंगा वाजला की माझ्या खिडकीपुढं रांग लागायची आणि एकेक नाव माझ्या लेखणीखालून जायचं. मला आडनावांचा भारी नाद. कुणी आडनाव सांगितलं की मी त्याचं मूळ गाव सांगायचो. चुकलो तरी चालायचं, कारण खरं काय ते त्या माणसालाही माहीत नसायचं. लोक वाहवा करायचे आणि मी फुगायचो. एक आडनाव मात्र अख्ख्या मस्टरात एकट्याचंच होतं. कल्लप्पा गोतिले.

१९३४ साल. गड्ड्याची जत्रा नुकतीच उलगली होती. एका दुपारी पाळी सुटल्यावर कल्लप्पा खिडकीशी आला, आधी पोटभर खोकला आणि मग म्हणाला, "रामहरीभाऊ, माजं आडनाव कुटलं वो?"

"अरे, तुझं तुला ठाऊक नाही?"

"न्हाय की. ठावं असतं तर तुमाला कशाला इचारलं असतं?"

त्याची हकीकत मला त्या दिवशी कळली. संवत छप्पनच्या, म्हणजे १८९९च्या दुष्काळात एका तळ्याच्या कामावर हजारो माणसं खडी फोडत होती. तिथं पाच-सहा वर्षांचं एक पोर एकटंच सापडलं. आईबाप पटकीनं गेले असावेत. गळ्यात फडक्यात बांधलेलं लिंग होतं, म्हणून लिंगायताचं पोर एवढं कळलं. काम उठल्यावर सोजरबाई नावाच्या एका मराठी बाईनं त्याला उचललं आणि सोलापुरात चाळीत आणून वाढवलं. तिला त्याचं नाव कामावरच्या यादीतून मिळालं होतं, कल्लप्पा गोतिले. सोजरबाई अक्षरशत्रू, पण कारकुनानं यादी वाचताना ऐकलेलं ते नाव तिनं मरेपर्यंत जपलं. पोराची कानडी चाळीत राहून पुसून गेली.

आता त्याला ते नाव आठवायचं कारण होतं त्याची मुलगी. बायको मागंच वारली होती. दानम्मा अठरा वर्षांची, एकटी. दोन स्थळं आली आणि दोन्ही एकाच प्रश्नावर मोडली. गोतिले म्हणजे कुठले? तुमचे भाऊबंद कोण? सोयरीक जुळते की नाही, हे ठरवायचं कशावरून?

"डाक्टरनं छातीला नळी लावली," कल्लप्पा म्हणाला. "म्हनला, आत कापूस भरलाय. वरीसभर काडशील. माजं काय न्हाय वो. पर मी गेल्यावर त्या पोरीला कोन हाय? चाळीतल्या खोलीत एकटी पोर, कुनी बी दार वाजवावं. तिला घर मिळायला पायजे. मी हाय तवर."

मला त्याची दया आली, हे खरं. पण त्याहून मला माझं ज्ञान दाखवायची घाई झाली, हेही खरं. मी लेखणी कानावर खोचली आणि म्हणालो, "अरे वेड्या, हे तर सरळ आहे. गोत म्हणजे कुळी, आप्तगण. गोतिले म्हणजे गोतातले. आडनावातच गोत आहे, म्हणजे घराणं थोरलं असणार. एवढ्या मोठ्या गोतातला एकही माणूस सापडणार नाही?"

तो खिडकीची सळई धरून रडायला लागला. मोठा माणूस असा उघड्यावर रडताना मी पहिल्यांदाच पाहिला. मला वाटलं, आपण पुण्याचं काम केलं.

पुढच्याच महिन्यात तिसरं स्थळ आलं. मंगळवेढ्याचा शिवपुत्र स्वतःच मुलगी बघायला आला. किराणा दुकानदार, घरात कानडी बोलणारा, सरळमार्गी माणूस. दानम्मानं भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली, दोन प्रश्नांना मान खाली न घालता उत्तरं दिली, आणि शिवपुत्राला पोर आवडली. तिथं मी गप्प बसावं की नाही? पण माझी जीभ वळवळली. गोतिल्यांच्या थोर घराण्याचं मी असं वर्णन केलं की कल्लप्पा स्वतः तोंड उघडून ऐकत राहिला.

शिवपुत्र शांतपणे म्हणाला, "येवडं मोटं गोत हाय, तर लई बरं झालं. साखरपुड्याला तुमच्यातला एक वडीलधारा बसवा. भाऊबंदाच्या तोंडून कूळ ऐकलं की आमचं काम झालं. अक्षय्यतृतीयेला येतो."

म्हणजे फास मीच वळला होता. आता तो सोडवायलाही मलाच निघावं लागलं.

रविवारी आम्ही दोघं हिंडायचो. वैरागला, बार्शीला, मोहोळच्या बाजारात, मंगळवेढ्याकडं. मी एका जुन्या मस्टरच्या पाठकोऱ्या पानावर जिल्ह्याचा नकाशा काढला होता आणि गोतिले सापडला की तिथं शाईचा ठिपका द्यायचो. चैत्र संपेपर्यंत चार ठिपके झाले. मंगळवेढ्याच्या वाटेवर एक विधवा बाई होती, तिच्या नवऱ्याचं आडनाव गोतिले. मोहोळला एक मेंढपाळ होता, तोही गोतिले. मी दर ठिपक्याला खूश व्हायचो. जातींचा मेळ बसत नव्हता, पण मी म्हणायचो, एका आडनावाच्या दहा जाती असतात. दुसरीही एक गोष्ट होती. एकाही गोतिल्याला आपल्या आज्याचं नाव सांगता येत नव्हतं, आणि त्यांच्यात पन्नाशीचा एकही नव्हता. हे मी माझ्याच हातानं टिपून ठेवलं होतं. टिपलं आणि पान उलटलं. कारकून जातच तशी.

वैरागच्या बाजारात महिपती गोतिले धान्याची पोती उचलायचा. गळ्यात तुळशीची माळ. कल्लप्पानं त्याला दोन्ही हातांनी मिठीच मारली. महिपती अवघडला.

"आवो, मी मराठा हाय," तो म्हणाला. "आन आमच्यात बी मागचं कुनाला ठावं न्हाय. आमची म्हातारी म्हनायची, तुला खडीच्या कामावरनं आनला. पर इंडी रोडच्या ठेसनावर एक सांधेवाला हाय, शरणप्पा गोतिले. धान्याच्या वाघिणी आल्या तवा नाव ऐकलं. तुमच्यातलाच हाय, लिंगायत."

परतीच्या वाटेवर कल्लप्पा खोकत होता आणि हसत होता. "भाऊ, घावला की! लिंगायत गोतिले!" फडक्यावर रक्ताचा डाग होता. तो त्यानं मुठीत दाबला. मी पाहिला आणि पाहिला नाही असं दाखवलं.

अक्षय्यतृतीया चार दिवसांवर आली होती. आम्ही होटगीला गाडी बदलून इंडी रोडला उतरलो. शरणप्पा रुळाजवळच्या लिंबाखाली बसून हिरवा बावटा गुंडाळत होता. वय पंचेचाळीसच्या आसपास, केस पिकलेले. कल्लप्पानं वाकून त्याच्या पायांना हात लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. पोरगी, छाती, मंगळवेढा, साखरपुडा. "तुमी थोरले. तुमी नुसतं येऊन बसा, आन आपलं कूळ सांगा."

शरणप्पानं बावटा बाजूला ठेवला. "आडनाव तुमाला कुनी दिलं?"

"कामावरच्या यादीत व्हतं."

"तळ्याच्या कामावर? जितं पोरांना अर्दी भाकर मिळायची?"

"व्हय! तुमी बी तितं व्हता?"

"मी धा वर्साचा व्हतो. मला समदं याद हाय." त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी अंगात कोट घालून आलो होतो, त्यामुळं असेल. "मेजावर एक मराठी कारकून बसायचा. नाव लिवल्याबिगर भाकर न्हाय. आमी समदी कानडी मुलखातली पोरं. त्यो मराठीत इचारायचा, नाव काय? नाव सांगायचो, येवडं कळायचं. मंग इचारायचा, आडनाव? आडनाव म्हंजे काय ते कुनाला म्हाईत? पोरं म्हनायची, गोत्तिल्ल."

मी जागच्या जागी थिजलो.

"गाव इचारलं, तरी गोत्तिल्ल. बापाचं नाव इचारलं, तरी गोत्तिल्ल. येकदा त्यो कारकून वैतागून म्हनला, काय लई मोटं खानदान दिसतंय ह्या गोतिल्यांचं! आन लिवत गेला. त्या दिसाला आमी बारा-तेरा पोरं गोतिले झालो. म्हनून मराठ्यात बी गोतिले, धनगरात बी गोतिले. जे पोर ज्यानं नेलं, त्याच्या घरचं झालं."

कल्लप्पा माझ्या तोंडाकडं बघत होता. "भाऊ, गोत्तिल्ल म्हंजे?"

सोलापुरात हा शब्द कानडी घरातल्या लहान पोरालाही कळतो. भाजीबाजारात मी तो रोज ऐकतो. कल्लप्पाच्याही कानावरून हजारदा गेला असेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. आडनावात मी तो कधी कानानं ऐकलाच नाही, कागदावर वाचला, आणि कागदावर मला त्यात गोत दिसलं. त्या मेजावरच्या कारकुनालाही तेच दिसलं होतं.

"ठाऊक नाही," मी म्हणालो. "गोत्तिल्ल म्हणजे ठाऊक नाही."

तो खाली बसला आणि रुळांतली खडी उगाच हातानं सारखी करत राहिला. मला तिथंच जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी मीच निर्लज्जपणे म्हणालो, "शरणप्पा, तुम्ही या. चुलतभाऊ म्हणून बसा. गाव कुठलंही सांगू. कूळ मी लिहून देतो." शरणप्पानं बावटा उचलून काखेत धरला. "खोटं हाय," तो म्हणाला, "पर त्या दिसाच्या भाकरीचा भाऊ तर हायच म्या." तो यायला कबूल झाला.

तीन दिवस मी कल्लप्पाकडून घोकून घेतलं. गाव अमुक, आजा अमुक, मठ अमुक. रोज पाळी सुटल्यावर तो खिडकीशी येऊन पोरानं पाढे म्हणावेत तसं म्हणून दाखवायचा, आणि एकदाही चुकला नाही.

अक्षय्यतृतीयेला शिवपुत्र चार माणसं घेऊन चाळीत आला. दानम्मानं हिरवं इरकल नेसलं होतं. शरणप्पानं आपलं काम चोख केलं. गाव सांगितलं, आजा सांगितला. शिवपुत्राचं समाधान झालं, त्यानं विडा हातात घेतला. आणि मग, निव्वळ आपुलकीनं, काही तपासायचं म्हणून नव्हे, तो कल्लप्पाकडं वळून घरच्या भाषेत म्हणाला, "निम्म ऊर याव्दरी?"

तुमचं गाव कुठलं, एवढंच. कल्लप्पाला मराठीत सगळं पाठ होतं. कानडीत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्याचे ओठ हलले. डोळे मोठे झाले. पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या मेजापुढं तो पुन्हा उभा होता असं मला वाटलं, आणि मी मनातल्या मनात ओरडलो, बोल रे, गाव बोल.

"गोत्तिल्ल," कल्लप्पा म्हणाला.

शिवपुत्र हसला. त्याला वाटलं, थट्टा आहे. मग त्यानं तो शब्द स्वतःशी पुटपुटला, पुढं आडनाव जोडून पाहिलं, आणि त्याचं हसू मावळलं. मला इतके महिने कळलं नाही ते त्यानं कानानं ओळखलं, आणि क्षणात. विडा त्यानं ताटात परत ठेवला. रागावला नाही. "तुमी मागंच खरं सांगितलं असतं, तर मी पोर नेली असती," तो मला म्हणाला, कल्लप्पाला नव्हे. "खोटं कूळ ऐकवलंत. आता उद्या काय खरं मानू?" आणि माणसं घेऊन निघून गेला.

खरंच नेली असती का, कुणास ठाऊक. माणूस उठून जाताना चांगलं बोलतो. पण ते वाक्य कल्लप्पानं ऐकलं. त्या दिवसापासून तो माझ्या खिडकीशी थांबला नाही. हजेरी लावायचा आणि जायचा. मी दोनदा हाक मारली, त्यानं ओ दिली नाही, आणि का द्यावी?

डॉक्टरनं वर्ष म्हटलं होतं. तो आषाढातच गेला. त्याला माती द्यायला चाळीतली माणसं आली, इंडी रोडहून शरणप्पा आला आणि वैरागहून महिपती आला, माळ गळ्यात घालून. जंगमानं विचारलं, घरचं कोण? ते दोघं पुढं झाले. मी मागं उभा राहिलो.

श्रावणात एका सकाळी माझ्या खिडकीपुढं दानम्मा येऊन उभी राहिली. रीळ खात्यात बायका घ्यायच्या होत्या. शेजारी हेडक्लार्क बसले होते, म्हणून मला छापील तक्त्याप्रमाणं विचारणं भाग होतं.

"नाव?"

"दानम्मा कल्लप्पा."

"आडनाव?"

"लिवा की. तुमाला लई ठावं हाय."

मी लिहिलं. "मूळ गाव?"

तिनं सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि नीट, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "गोत्तिल्ल."

"काय म्हणाली?" हेडक्लार्कनी विचारलं. "लवकर लिहा, रांग खोळंबलीय. रकाना मोकळा ठेवू नका."

मी लेखणी दौतीत बुडवली आणि त्या रकान्यात लिहिलं, गोतिल.