अकरा भजनांचा खोळंबा

हे प्रभो, हे दीनदयाळा, ज्याच्या घराला फाटक नाही आणि ज्याच्या दारी येणाऱ्याला वळसा पडत नाही, त्या तुला आधी नमन. माणसाच्या शेवटच्या श्वासाशी तू उभा असतोस. आमच्याकडून सुटलेला हात तू धरतोस, म्हणून पुन्हा नमन. तुझे नाव घेतले, आता ओझेला टिब्सचे घेतो. तिने जन्मभर तुझ्याच उंबऱ्यापर्यंत माणसे पोहोचवली.

मिसिसिपीच्या खोऱ्यातले आमचे टिलरी गाव रुळांनी मधोमध चिरलेले आहे. दक्षिणेला चर्च आणि ओझेलामाईचे घर. उत्तरेला बाकीची वस्ती. माई आमच्या मंडळीतली वडीलधारी. गावात कोणी शेवटच्या घटका मोजू लागले की तिला निरोप जायचा. ती पांढरा पोशाख करून यायची, खाटेशी बसायची, हात हातात घ्यायची आणि जुनी भजने म्हणायची. संथ, एकेक ओळ तोडून, श्वासाच्या गतीने चालणारी. चाळीस वर्षांत तिने कोणाला एकटे जाऊ दिले नाही. ज्याचे सख्ख्या मुलांनीही तोंड पाहिले नाही त्या दारुड्या एनिसच्या खाटेशीसुद्धा ती दोन दिवस बसली होती.

व्हर्डेल ही तिची धाकटी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा माईनेच तिला भरवले, तिच्या वेण्या घातल्या, तिचे लग्न लावले. म्हातारपणी व्हर्डेलच्या हृदयाने दगा द्यायला सुरुवात केली, तेव्हा तिने बहिणीकडून एकच वचन घेतले होते: "सगळ्या गावाला पोचवतेस, मला पोचवायला उशीर करू नकोस म्हणजे झालं."

ऑक्टोबरातल्या एका दुपारी उत्तरेकडच्या व्हर्डेलच्या घरून नर्स पर्लीनचा फोन आला की लगेच या, श्वास बदलला आहे. माई पोशाख करून निघाली, फाटकापाशी आली, आणि समोर मालगाडी उभी. डावीकडे नजर पोहोचेपर्यंत डबे, उजवीकडे नजर पोहोचेपर्यंत डबे. गावातली तिन्ही फाटके एकाच गाडीने अडवलेली.

न्हावी रूफस गँडी आपल्या ट्रकमध्ये पाय पसरून बसला होता. "या माई, बसा," तो म्हणाला. "ही हलली की मला उठवा. तोवर माझी दाढी वाढली, तर दुसऱ्या न्हाव्याकडे नेऊ नका म्हणजे झालं."

माईने कारण सांगितले, तसा तो ताडकन उतरला. नदीच्या बांधावरून वळसा घालून पुलाखालून जाता येत होते. पाऊण तासाचा रस्ता. दोघांनी त्या रस्त्याकडे पाहिले, मग गाडीकडे पाहिले. आमच्या गावात जन्मलेला प्रत्येक माणूस गाडीकडे पाहून जे म्हणतो, तेच रूफस म्हणाला. "आता हलेलच की. आपण अर्ध्या वाटेवर असताना हलली, तर हळहळत बसू."

माईलाही ते पटले.

ती रुळांच्या कडेला उभी राहिली आणि पलीकडच्या बहिणीसाठी भजन म्हणू लागली. एक झाले, दुसरे झाले. तिसऱ्याला तिने दोन डब्यांमधल्या जोडावर पाय ठेवला. रूफस तिला उचलून चढवू लागला, एवढ्यात गाडीला हिसका बसला. धक्का डब्याडब्यांतून धडधडत दूर गेला. रूफसने तिला मागे ओढले. गाडी वीतभर सरकली आणि पुन्हा थांबली. मग कोणाचे धाडस झाले नाही. पाचव्याला गाडीचा गार्ड खडीवरून चालत आला, घामाने निथळलेला. त्याने टोपी काढली. आमची कामाची वेळ संपली, दुसरी माणसे वाटेत आहेत, नियमाने आम्हाला आता गाडी हलवता येत नाही, असे त्याने हात जोडावे तसे सांगितले. ती माणसे किती लांब आहेत, असे माईने विचारले. "येतीलच आता," तो म्हणाला. रूफस पुन्हा ट्रकमध्ये जाऊन बसला आणि त्याचा डोळा लागला.

माई गात राहिली. अकराव्या भजनाच्या शेवटी गाडी हलली. ती पोहोचली तेव्हा पर्लीनने खिडकी उघडली होती. व्हर्डेल नुकतीच गेली होती. जाताना काही बोलली का, असे माईने विचारले. पर्लीनला खोटे बोलता येत नाही. ती म्हणाली, "दोनदा विचारलं त्यांनी. ताई आली का म्हणून."

दहा मिनिटांहून अधिक वेळ रस्ता अडवला तर रेल्वेला दंड, असा आमच्या गावाचा नियम. हवालदाराने दंडाची चिठ्ठी फाडली, पण तो आला होता गाडी सुटताना. ती केव्हा लागली, हे त्याला ठाऊक नव्हते. कंपनी म्हणाली, आठ मिनिटे. न्यायालयात रूफसला विचारले, तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितले की आपण निम्मा वेळ झोपेत होतो. लोक हसले. मग माईला बोलावले.

"किती वेळ उभी होती गाडी?" न्यायाधीश बार्क्सडेल यांनी विचारले.

"अकरा भजनं, साहेब."

"एक भजन किती मिनिटांचं?"

माईला सांगता येईना. तिने कधी घड्याळ लावून भजन म्हटले नव्हते. तेव्हा न्यायाधीशांनी कारकुनाला घड्याळ पाहायला सांगितले आणि तिला एक भजन म्हणायची विनंती केली. माई उभी राहिली आणि गायली. बाकांवरच्या बाया नकळत खालच्या सुरात साथ देऊ लागल्या. कोणी त्यांना गप्प केले नाही. कारकून म्हणाला, सात मिनिटे.

अकरा साते सत्त्याहत्तर. दंड कायम झाला. लोकांनी माईकडे आनंदाने पाहिले. ती अजून उभीच होती, बोटांच्या पेरांवर काही मोजत. मग रूफसकडे वळून हळूच म्हणाली, "पाऊण तासाचा वळसा, रूफस. सातवं भजन मी तिच्या उशाशी म्हटलं असतं."

रूफसने मान खाली घातली. न्यायाधीशांनी कागद आवरायला उगाच वेळ लावला.

पुढे वरच्या न्यायालयाने तो दंडही रद्द केला. गाड्यांवर गावाची सत्ता चालत नाही, असा निकाल आला. ते ऐकून गाव संतापले; माई संतापली नाही. तिचा खटला कंपनीशी उरलाच नव्हता.

आता उत्तरेकडे कोणी खाट धरली की माई निरोपाची वाट पाहत नाही. आठ-आठ दिवस आधी पिशवी भरून त्या घरी राहायला जाते; चुलीपाशी मक्याची भाकरी भाजते, भांडी घासते, ओसरीवर निजते. परवा म्हातारा क्लीटस तिच्यावर उखडला. "माई, मी अजून मेलो नाहीये. पिशवी घेऊन कसल्या येता?"

"तुझी घाई नाही रे बाबा," माई म्हणाली. "तू सावकाश जा. मला तेवढं वेळेवर यायचंय."

प्रभो, या माउलीची ती मोजणारी बोटे तुझ्या हातात घे. व्हर्डेलला तिची हाक पोहोचव. टिब्सांच्या घरातला दिवा तेवता ठेव, त्यांच्या ताटात अन्न आणि गळ्यात गाणे राहू दे. आणि ओझेलामाईची घटका येईल, त्या दिवशी तिच्या उशाशी कोणीतरी वेळेवर बसलेले असू दे. आमेन.