वगळलेले सहाजण

आमच्या यकृत विभागात रुग्णांचे आकडे मांडणाऱ्या बाईंना सगळे आकडेताई म्हणत. बावीस वर्षांत त्यांची एकही बेरीज चुकली नव्हती, आणि हे त्या येताजाता ऐकवतही असत.

यकृताच्या सुजेवर एका वनस्पतीच्या अर्काची चाचणी झाली. चाळीस रुग्णांपैकी सहाजण मध्येच यायचे बंद झाले. ताईंनी त्यांना वगळलं. उरलेल्या चौतिसांपैकी अठ्ठावीस जणांची सूज उतरली होती. डॉक्टर खूश झाले आणि शोधनिबंध छापून आला.

वर्षभराने ताईंचा धाकटा दीर आमच्याच वॉर्डात दाखल झाला. डोळे पिवळेजर्द, उशाशी त्याच अर्काची बाटली.

"वहिनी, तुमचा निबंध वाचूनच सुरू केलं," तो म्हणाला.

ताईंचा चेहरा उतरला. टेबलाशी येऊन त्यांनी जुनी फाईल काढली आणि त्या सहाजणांना फोन लावले. चौघांनी उचलला. औषध घेताना चौघांनाही कावीळ झाली होती, म्हणूनच ते यायचे थांबले होते.

फाईलमध्ये त्या सहा नावांपुढे ताईंच्या सुबक अक्षरात एकच शेरा होता: 'बेशिस्त'. तो वाचून तेव्हा मीही हसलो होतो.