नारिंगी जाकिटाचं साक्षगंध

साक्षगंधाच्या, म्हणजे आमच्याकडच्या साखरपुड्याच्या, तयारीची माझी यादी सत्तेचाळीस कलमांची होती आणि त्यातली सेहेचाळीस पूर्ण झाली होती. राहिलं होतं एकच, नवरा मुलगा.

माझा मुलगा तटरक्षक दलाच्या जहाजावर यांत्रिक आहे, म्हणजे इंजिनखोलीत काम करतो. भिलाईतल्या लोकांना हे समजावून सांगायला मला पाच वर्षं लागली आणि अजून ते काम पुरं झालेलं नाही. इथून कोणत्याही दिशेला गेलं तरी समुद्र गाठायला एक आख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते. आमच्या सेक्टर दोनमध्ये पोलाद प्लांटची भट्टी कोणाला समजावावी लागत नाही, पण जहाज म्हटलं की माणसं गडबडतात. समोरच्या क्वार्टरमधल्या बाईंनी एकदा विचारलं होतं, "कोस्ट गार्ड म्हंजे बँकेपुढे स्टुलावर बसते तसा गार्ड का वो?" मी म्हटलं, हो, फक्त स्टूल हलतं.

मग युद्ध सुरू झालं. सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या आणि त्याचा निरोप आला: "निघतो. फोन बंद राहील. साक्षगंध थांबवू नको, मुलीकडचे परत फिरतील." त्यानंतर काही नाही. जहाज कुठे आहे, काय करतं आहे, किती दिवस राहील, यातलं एकही उत्तर मिळण्याची सोय नव्हती. मी एका शाळेच्या प्रयोगशाळेचं साहित्य सांभाळते. कोणती वस्तू कोणत्या कपाटात आहे, हे मला झोपेतही सांगता येतं. मुलगा मात्र कुठे ठेवला आहे ते सांगता येईना.

परत फिरण्याची त्याची भीती खरी होती. मुलगी दुर्गची, कोर्टाच्या कागदपत्रांच्या नकला देणाऱ्या विभागात नोकरीला. वडील लहानपणीच गेले, म्हणून घरात शब्द मामांचा. मामांचं दुर्गच्या जुन्या बाजारात भांड्यांचं दुकान. बातम्या सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले, चहाला हात लावला नाही.

"ताई, राग नोका मानू. पोरगं तुमचं सोन्यासारखं हाय. पन माही बहीण बत्तीस वर्साची असतानी लेकरू घेऊन वापस आली, ते मी पाह्यलं. आता भाचीले बी तसंच दारात उभी पाहू का?"

मी म्हटलं, मुहूर्तापर्यंत थांबा. त्यानंतर पाच महिने मुहूर्त नव्हता. मामा म्हणाले, "मुहूर्ताले पोरगं हजर असलं तं साक्षगंध करू. नाई तं रायपूरचं एक स्थळ थांबून हाय." आणि चहा तसाच ठेवून गेले.

संध्याकाळी माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आले. हे भिलाई-३ ला राहतात, मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले. घरात त्यांना सगळे मोठेबाबा म्हणतात, मीही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नियम सांगितला.

"गाडीच्या शेवटच्या डब्यामागं लाल दिवा असते. स्टेशनवाल्यानं दिवा पाह्यला की गाडी पुरी आली. मधले डबे तो मोजत बसत नाई. पह्यले लोक लढाईवर राह्यचे तं नवरदेवाची तलवार यायची. पोरगी तलवारीच्या बाजूले उभी राह्यची आन् लग्न लागायचं. दिवा आला म्हंजे गाडी आली."

माझा नवरा म्हणाला, "दादा, आपल्या पोराकडे तलवार कुठं हाय? तो इंजिन ऑइल पुसते."

"मंग त्याची जी वस्तू असन ती."

आश्चर्य म्हणजे मामांना हे पटलं. भांड्यांच्या दुकानदाराला वस्तूची किंमत कळते, असं मोठेबाबा म्हणाले. मामांची एकच अट, वस्तू त्याची स्वतःची पाहिजे, रामलीलावाल्याची भाड्याची तलवार चालणार नाही.

मी त्याचं कपाट उपसलं. क्रिकेटचे पॅड, पॉलिटेक्निकच्या फायली, पान्यांचा एक संच आणि एक नारिंगी लाइफ जाकीट. मोठेबाबांचा कल चोवीस नंबरच्या पान्याकडे होता, कारण तो हातात जड लागत होता. गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, अवजाराला विश्वकर्मा पूजेला मान आहे, साक्षगंधाला नाही. राहिलं जाकीट.

ते त्यानं बंदराजवळच्या भंगार बाजारातून घेतलं होतं, मुदत संपलेलं, बापाला दाखवायला. गळ्यात अडकवायच्या जाड पट्ट्यासारखं दिसायचं, जाकिटासारखं अजिबात नाही. आणलं तेव्हा म्हणाला होता, "आई, हे पाण्यापासून जप." आम्ही दोघं खूप हसलो होतो. समुद्रात बुडणाऱ्यासाठी केलेली वस्तू आणि तिला पाण्यापासून जपायचं! शेजारीपाजारीसुद्धा मी हा विनोद सांगितला होता. त्याचा अर्थ विचारावा, असं माझ्यासारख्या बाईच्या डोक्यात आलं नाही. प्रयोगशाळेत मी बाटलीवरची प्रत्येक सूचना वाचते.

दिवस उजाडला. कार्यक्रम घरासमोर मांडव टाकून, मुहूर्त दुपारी चार बारा. आदल्या दिवशी कळलं की त्याच दिवशी चार वाजता युद्धाची रंगीत तालीम आहे. सायरन वाजला की जमिनीवर पालथं पडायचं, कान झाकायचे, स्वयंसेवक येऊन जखमींना उचलतील. मी मुहूर्त हलवावा का म्हणून विचारलं. मोठेबाबा घड्याळ पाहून म्हणाले, "बारा मिनिटं मधात हायेत. त्यात आख्खी मालगाडी निघून जाते."

खुर्चीवर जाकीट ठेवलं, वर फेटा. माझी एक चुलत सासू नागपूरकडून आली होती, तिला कमी दिसतं. तिनं जवळ जाऊन जाकिटाच्या बकलला कुंकू लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पोट्टा लयच वाळला बाई. जहाजावर खाऊ घालत नाई का?"

मुलगी समोरच्या पाटावर बसली. जाकिटाकडे तिनं नीट पाहून घेतलं, वरून खाली. मग मला हळूच म्हणाली, "काकू, कोर्टात गैरहजर माणसासाठी वकील उभा राहतो, पण वकीलपत्र लागतं." मी म्हटलं, निरोप आहे माझ्याकडे, मोबाइलवर. ती म्हणाली, "मग चालेल."

चार वाजले, सायरन वाजला नाही. चार पाच, नाही. चार दहाला मोठेबाबांनी जाहीर केलं की तालीम रद्द झाली असणार. गुरुजींनी कलश उचलला, आंब्याच्या पानानं जाकिटावर पहिला शिंतोडा टाकला, आणि त्याच क्षणी शाळेच्या गच्चीवरून सायरन सुरू झाला. गुरुजी इतके दचकले की आख्खा कलश जाकिटावर उपडा झाला.

टीव्हीवर शिकवल्याप्रमाणे निम्मा मांडव खाली पडला. उरलेले निम्मे एकमेकांकडे बघत होते. तेवढ्यात खुर्चीवर फाडकन आवाज झाला, फेटा उडून पेढ्यांच्या ताटात पडला आणि खुर्चीत एक नारिंगी, टम्म फुगलेलं काहीतरी बसलेलं दिसलं. उरलेले निम्मेही खाली पडले. मामा सगळ्यांत पुढे, गुरुजींच्या शेजारी, कान झाकून.

नंतर मुलानं सांगितलं ते असं: आत एक गोळी असते, ती ओली झाली की विरघळते, स्प्रिंग सुटते आणि छोट्या बाटलीतला वायू जाकिटात भरतो. माणूस बेशुद्ध होऊन पाण्यात पडला तरी ते आपोआप फुगावं म्हणून ही सोय. म्हणून पाण्यापासून जपायचं.

मामा उठून बसले. चेहरा पांढरा पडला होता. "अपशकुन झाला. नवरदेवाच्या जागी स्फोट झाला. हे लग्न होत नाई," असं ते बोलत असतानाच मांडवात दोन स्वयंसेवक स्ट्रेचर घेऊन शिरले. पुढचा जाडजूड, प्लांटमधून निवृत्त झालेला फोरमन असावा, हातात कागद होता.

"धमाका यहीं हुआ ना? घायल कितने?"

मी म्हटलं, "एक भी नहीं. अडतीस मेहमान हैं, सब ठीक हैं."

त्यानं कागद पाहिला. "ऐसे कैसे, बहनजी? इस गली में एक गंभीर घायल लिखा है. एक तो देना पड़ेगा."

त्याची नजर जमिनीवर बसलेल्या मामांवर गेली. मामांना काही कळायच्या आत ते स्ट्रेचरवर होते.

"अरे मले कुठं नेऊन राहिले? मी पोरीचा मामा हाय!"

"हौ मामाजी, बोलिए मत. आप बेहोश हैं."

त्यांच्या शर्टाला "गंभीर" असं लिहिलेली चिठ्ठी टाचली आणि अँब्युलन्स सायरन वाजवत निघून गेली. ज्यांचा शब्द चालायचा ते बेहोश म्हणून नोंदले गेले होते.

सगळे मुलीकडे बघायला लागले. मीही बघत होते. मला तेव्हा फक्त मुलाचा निरोप दिसत होता आणि वाटत होतं की एवढी एकच गोष्ट त्यानं मागितली, तीही माझ्या हातून एका कलशामुळे गेली.

ती पाटावरून उठली, खुर्चीजवळ गेली आणि जाकीट दोन बोटांनी दाबून पाहिलं.

"काकू, याची मुदत केव्हा संपली?"

"दोन वर्षं झाली."

"तरी फुगलं?"

"फुगलं."

ती आईकडे वळली. "आई, पाणी लागूनही नसतं फुगलं तं मीच नाही म्हटली असती." मग गुरुजींना म्हणाली, "गुरुजी, उठा आता. मुहूर्त किती वाजेपर्यंत आहे?"

गुरुजींनी झोपल्या झोपल्याच सांगितलं, चार अडतीस.

मी तिला अंगठी घातली, गंध लावलं, साडी दिली. मुलाची अंगठी तिनं जाकिटाच्या शिटीच्या दोरीला बांधली, दोन गाठी मारून. फुगलेल्या जाकिटाला फेटा बसेना, म्हणून मोठेबाबा तो हातात धरून मागे उभे राहिले. पेढे पुसून वाटले.

मामा साडेपाचला परतले. डोक्याला पट्टी, छातीवर चिठ्ठी, हातात स्वयंसेवकांनी दिलेलं केळं. दारातूनच विचारलं, "काय झालं?"

त्यांची बहीण शांतपणे म्हणाली, "झालं दादा. तू बेहोश होता."

मला वाटलं आता भांडण होईल. मामांनी फुगलेलं जाकीट बोटानं दाबून पाहिलं. मग माझ्याजवळ येऊन बसले आणि सकाळपासून कोणी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"ताई, फोन कधीपासून नाई?"

"नऊ दिवस."

त्यांनी मान हलवली, केळं सोललं आणि अर्धं मला दिलं. आम्ही दोघांनी ते खाल्लं. दुसरं काय करणार?

पुढचे चार दिवस मी मोबाइल पोळपाटाशेजारी, गादीवर, न्हाणीच्या बाहेर स्टुलावर असा घेऊन फिरले. लढाई थांबल्याची बातमी आली तरी फोन वाजला नाही. पाचव्या दिवशी सकाळी वाजला, तर दुर्गचा नंबर.

"काकू, यांचा फोन आला होता आत्ता. बरे आहेत."

मी गॅस बंद केला आणि खाली बसले. पहिला फोन तिला केला होता. मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. मग ध्यानात आलं की हे असंच व्हायला हवं होतं, यासाठीच तर सगळी धडपड केली.

"काय म्हणाला? काय करत होते तिकडे?"

"मासेमारीच्या बोटी शोधायच्या आणि घरी परत जा म्हणून सांगायचं. दिवसरात्र तेच. काही बोटवाले ऐकत नव्हते, उलट यांनाच मासळी देत होते. अडीच मिनिटं बोलले."

"जेवतो का नीट, विचारलं?"

"नाही हो. मी जाकीट कसं फुगलं ते सांगत होती, त्यातच वेळ गेला. हसत होते खूप. मग लाइन कटली."

"बरं. पुढच्या वेळी आधी जेवणाचं विचारायचं, मग बाकीचं."

"हो," ती म्हणाली. पलीकडून कागद फाटल्याचा आवाज आला. "थांबा काकू, लिहून घेते. आणखी काय काय विचारायचं असतं?"