बघण्याच्या कार्यक्रमात कृमिविवर

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी मंचरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. आधीची दोन स्थळं ‘मुलगी फार बोलते’ म्हणून परत गेली होती. त्यामुळे निमगाव सावाची मंडळी बघायला येणार म्हटल्यावर आईनं बजावलं, विचारतील तेवढंच सांग.

पोहे झाले. मुलाच्या आत्यानं स्वयंपाकाचं विचारलं, मी नीट उत्तरं दिली. मुलगा शेतीतला पदवीधर, घरची द्राक्षबाग बघणारा. सध्या काय वाचताय, असं त्यानं विचारलं. कृमिविवरांवरचा लेख, मी सांगून टाकलं. ते काय असतं म्हणाला, आणि मी आईकडे न बघता सुरू झाले. अवकाश वाकतं. त्यामुळे फार दूरच्या दोन जागा जोडणारा आखूड बोगदा निदान गणितात तरी निघतो; घाट चढण्याऐवजी डोंगराच्या पोटातून पलीकडे जावं तसा.

“आत शिरलेला माणूस पलीकडं निघतो का?”

“नाही. प्रकाश पार व्हायच्या आत तो बोगदाच मिटतो. उघडा ठेवायला ऋण ऊर्जेचा पदार्थ लागेल. तेवढा अजून कुणाला सापडलेला नाही.”

“म्हणजे कृमिविवरं नाहीतच.”

“तसंही सिद्ध झालेलं नाही. माहीत नाही, एवढंच खरं.”

आत्या हळूच म्हणाली, “पोरगी लई शिकलीय. आपल्याकडं रमायची न्हाई.” मंडळी गेल्यावर वडिलांनी हेही स्थळ गेलं असंच धरलं.

होकार आला. लग्नानंतर मी त्याला होकाराचं कारण विचारलं. बागेवर रोग पडला की जो तो छातीठोक औषध सांगतो, तो म्हणाला. ‘माहीत नाही’ म्हणणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं.

काही वर्षांनी आम्ही विज्ञानदिनाला खोडदच्या रेडिओ दुर्बिणी बघायला गेलो. तिथल्या तरुण शास्त्रज्ञाला नवऱ्यानं कृमिविवरांचंच विचारलं. पुरावा नाही, तो म्हणाला. शिवाय बाहेरून ते जवळजवळ कृष्णविवरासारखंच दिसेल, ओळखायचं कसं हाच प्रश्न आहे. याचे प्रश्न संपेनात, मागची रांग कुरकुरायला लागली, तेव्हा मी याला बाही धरून बाहेर काढलं.

एसटी चुकली. टोमॅटोच्या पिकअपमध्ये रिकाम्या क्रेटवर बसून निघालो. वाटेत नवरा म्हणाला, “सारखंच दिसत असंल, तर एखादं आपल्याला दिसलंही असंल की. आपण त्याला कृष्णविवर म्हणून मोकळे झालो.”

मी हसण्यावारी नेणार होते. पण तसं असूही शकत होतं, म्हणून ‘माहीत नाही’ एवढंच म्हणाले.